बंद घराच्या नोंदी : वाई, सप्टेंबर २०२३ ते जुलै २०२५

वाईत गंगापुरीच्या अंगाला चौदा वर्षं कुलूप असलेलं एक घर मी विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि परत विकलं. पुण्यात बांधकामाच्या साइटवर अठरा वर्षं सुपरवायझर होते, त्यामुळे विटा-चुन्याची भीती नव्हती. कागदांची वाटायला हवी होती, ती वाटली नाही. असं घर घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर चुकांसकट या नोंदी वाचा. वहीत रोज लिहिलेलं होतं, त्यातलं कामाचं तेवढं इथे उतरवलं आहे.

१० सप्टेंबर २०२३
घर पहिल्यांदा पाहिलं. खाली तीन खोल्या, वर माडी, मागे परस, परसात आड आणि एक मोठा उंबर. बांधकाम १९५२ चं. खाली चार फूट काळा दगड, वर मातीत रचलेल्या भाजक्या विटा, सागवानी खांब आणि तुळया, मंगळूरी कौलं. कधीतरी मधल्या काळात आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारलेला. तुळया ठोकून पाहिल्या. दोन पोकळ वाजल्या, बाकी खणखणीत.

मागच्या खोलीत भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत तपकिरी डाग. एजंट त्या खोलीत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

भाव ३१ लाख. याच आळीत एवढी जागा ४२ ते ४५ लाखांना जाते. कारण त्याने विचारल्यावरच सांगितलं : तीन भावांतल्या मधल्या भावाने २००९ मध्ये या घरात जीव दिला. नंतर दोन भाडेकरू आले, एक चार महिने राहिला, दुसरा दीड महिना. डाग कितीही रंगवला तरी वर येतो, असं आळीत सगळे सांगतात. त्यामुळे गिऱ्हाईक दारापर्यंत येतं आणि परत जातं.

घरी येऊन रात्रभर विचार केला. माझ्या सख्ख्या मामाने असाच जीव दिला होता. त्यांच्या घराला कुणी बाधित म्हटलं असतं तर आजीला काय वाटलं असतं, हे डोक्यातून जाईना. घर घ्यायचं ठरवलं.

५ ऑक्टोबर २०२३
पहिली मोठी चूक आज केली, हे महिन्याभराने कळलं. दोन भावांना इसार म्हणून ५ लाख दिले. वकिलांचा तीस वर्षांचा शोध अहवाल आला होता, बोजा नाही, गहाण नाही. मालमत्ता पत्रकावर नावं वडील वारल्यावर १९८७ मध्ये चढलेली : आई आणि तीन मुलगे. आई १९९८ मध्ये गेली, मधला २००९ मध्ये. उरले दोन भाऊ. सगळं सरळ दिसलं.

क्रम उलटा झाला. आधी वर्तमानपत्रात हरकती मागवणारी जाहीर नोटीस, मग इसार, असं करायचं असतं. एजंट म्हणाला दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय, आणि मी ऐकलं. चौदा वर्षं न आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी कुठून येणार होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

२६ ऑक्टोबर २०२३
दैनिकातल्या जाहीर नोटिशीचे पंधरा दिवस संपले. एकही हरकत नाही.

६ नोव्हेंबर २०२३
शेजारच्या काकूंकडे पाणी प्यायला गेले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "अक्काची सही घेतलीत ना?"

कोण अक्का? या तिघा भावांची थोरली बहीण. वय ७१, सासर फलटणजवळच्या एका गावात. १९८७ मध्ये वारस नोंदवताना वंशावळीत तिचं नावच लिहिलं नव्हतं. ज्या वर्तमानपत्रात नोटीस आली ते तिच्या घरी येत नाही, आणि आलं असतं तरी तिने वाचलं नसतं.

थेट वकिलांकडे गेले. शोध अहवालात नोंदलेले दस्त दिसतात, न नोंदलेलं माणूस दिसत नाही. नोटिशीला हरकत आली नाही म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. आज सही न घेता घर घेतलं असतं तर पुढच्या विकत घेणाऱ्याच्या दारात अक्काचा नातू कधीही उभा राहिला असता, आणि त्याचं खरं असतं.

तिचा वाटा किती हे वकिलांनी कागदावर मांडून दाखवलं. घर वडिलांच्या स्वतःच्या कमाईचं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यात बायको, मुलगे, मुलगी सारख्या हिश्श्याचे. वडील गेल्यावर पाच जणांचे पाच हिस्से. आईचा हिस्सा चार मुलांत, म्हणजे प्रत्येकी पाव. मधला भाऊ अविवाहित होता, आई-वडील आधीच गेलेले, त्याचं पाव उरलेल्या दोन भावांत आणि बहिणीत सारखं. हिशेब केला की अक्का बरोबर एक तृतीयांशाची मालक. भावांइतकीच.

१९ नोव्हेंबर २०२३
भाऊबीज होऊ दिली, मग दोघा भावांना एकत्र बसवलं. धाकटे म्हणाले, हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, करून घेऊ, अक्का नाही म्हणायची नाही, एक चांगली साडी नेसवू. थोरले म्हणाले, राहत्या घरात बहिणीला वाटणी मागता येत नाही, असा कायदाच आहे. होता. कलम २३. भाऊ वाटणी करेपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम २००५ च्या दुरुस्तीत गेलं. आणि ते होतं तेव्हाही तिचा हिस्सा तिचाच होता.

एजंट बाहेर आल्यावर मला म्हणाला, ताई, हक्कसोड कायदेशीर आहे, दर आठवड्याला होतात, तुम्ही कशाला मध्ये पडता? कायदेशीर आहे हे खरं. माझ्या आईनेही अशीच सही केली होती, आणि पुढची वीस वर्षं माहेरी गेल्यावर ती पाहुणीसारखी ओसरीवरच बसायची. मला अशा सहीवर उभं असलेलं घर विकायचं नव्हतं. खरेदीखतावर अक्का विकणारी म्हणून सही करणार, आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जाणार, एवढं मी भावांना सांगितलं. नाहीतर इसार परत करा.

पाच लाखांतले तीन त्यांनी खर्च केले होते. परत देणं शक्य नव्हतं. माझ्या चुकीचा एवढा एकच फायदा झाला.

३ डिसेंबर २०२३
तोडगा : भाव ३३ लाख, प्रत्येकी ११. दोन लाख माझ्या अंगावर आले. नवरा दोन दिवस बोलला नाही.

अक्काला भेटायला गेलो. तिला घर विकतंय हेच माहीत नव्हतं. थोरले भाऊ बराच वेळ जमिनीकडे बघत बसले होते. अक्का त्यांनाच म्हणाली, "च्या घे की रं."

डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४
या चार महिन्यांत घराला हातही लागला नाही. फक्त कागद.

अक्काचं नाव मालमत्ता पत्रकावर चढवायचं म्हणजे ती त्याच वडिलांची मुलगी हे दाखवायचं. आधार कार्डावर सासरचं नाव, तेही पहिलं नाव बदललेलं. माहेरच्या नावाचा पुरावा काय? मतदार यादी नाही, रेशनकार्ड नाही. पाच आठवडे यात गेले. शेवटी ती वाईत चौथीपर्यंत शिकली होती हे आठवलं आणि शाळेच्या जुन्या रजिस्टरातून दाखला निघाला. वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सगळं. त्याला जोडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. मग अर्ज, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत, मग नोंद.

अक्काला पॅन कार्ड नव्हतं. दहा लाखांवरच्या व्यवहाराला तेव्हा ते लागायचंच. तीन आठवडे. बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडलं. तिच्या मुलाचं म्हणणं होतं की त्याच्या खात्यात टाका, आईला काय कळतंय. अक्का म्हणाली, "माज्या नावाचं माज्या नावावर." मला काही बोलावं लागलं नाही.

वारस मोजताना मालमत्ता पत्रकावरची नावं मोजू नका. आळीतल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, या घरात किती मुलं जन्मली. आमच्याकडे हे काम काकूंनी केलं, तेही सगळं झाल्यावर.

२१ मार्च २०२४
खरेदीखत झालं. मुद्रांक, नोंदणी, वकील, नोटीस, जाण्यायेण्याचा खर्च मिळून सव्वादोन लाख. नोंदणी फी ३० हजार, यापेक्षा जास्त लागत नाही. दस्त माझ्या नावावर केल्याने मुद्रांकात एक टक्का सवलत मिळाली. आधी ही सवलत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली आहे. परत विकायच्या हेतूने घेणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवा.

अक्काच्या बोटांचे ठसे यंत्र घेईना. जन्मभर शेण-मातीत काम केलेली बोटं, रेषा झिजलेल्या. सहाव्या वेळी घेतला. तिला घर दाखवायला न्यायचं होतं, पण ती दमली होती. पुन्हा येते म्हणाली.

८ एप्रिल २०२४
काम सुरू. अंदाज सहा लाख, तीन महिने. दोन्ही चुकले.

गवंडी आणि दोन बिगारी मागच्या खोलीत जायला तयार नव्हते. मी त्यांना काय घडलं ते सरळ सांगितलं, आळीत ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. गवंडी म्हणाले, उदकशांत करा, मग आम्ही येतो. केली. साडेसहा हजार. गुरुजींना मधल्या भावाचं नाव सांगितलं आणि संकल्पात घ्यायला लावलं. चौदा वर्षांत त्या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नसावं. त्या दिवसापासून दुपारचा डबा मी त्याच खोलीत बसून खाल्ला. चौथ्या दिवशी गवंडी येऊन शेजारी बसले.

२ मे २०२४
कौलं उतरवली. ४२०० पैकी ९०० फुटकी. तेवढीच जुनी कौलं मेणवलीकडच्या एका पाडलेल्या घरातून मिळाली. नवीन घेऊ नका, मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी खाच बसत नाही आणि पागोळी आत येते. पोकळ वाजलेल्या दोन्ही तुळया वाळवीने खाल्लेल्या. एक बदलली. दुसरीचं खांबावर टेकणारं टोक तेवढं कापून नवं सागवान जोडलं. भिंतीच्या बुडाला फुटाफुटावर भोकं पाडून वाळवीचं औषध सोडलं. एकूण १ लाख ९० हजार.

वीज : मीटर मधल्या भावाच्या नावावर, कनेक्शन कायमचं तोडलेलं, थकबाकी व्याजासह १९ हजारांची. विकत घेणारा वारस नसेल तर त्याच्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच मागता येते. अर्जात तसं लिहून खरेदीखताची प्रत जोडली. २ हजार १०० भरले.

२४ मे २०२४
दुसरी मोठी चूक. डागाची भिंत कोरडी लागत होती. मी पोपडे खरवडले, पुट्टी भरली, ओल रोखणाऱ्या रंगाचे दोन हात मारले, वर पांढरा. २२ हजार. भिंत एवढी सुंदर दिसली की फोटो काढला. मे महिन्यात वाईतली कुठलीही भिंत कोरडीच लागते. हे मला कळायला हवं होतं.

९ जुलै २०२४
डाग परत. त्याच आकाराचा, त्याच उंचीचा. रंगाला तळहाताएवढे फुगे, फोडले की आत पाणी आणि पांढरं मीठ. बिगाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

मी संध्याकाळी एकटी त्या खोलीत उभी होते. भीती वाटली, हे लिहिलं पाहिजे.

२८ जुलै २०२४
अक्का आली, नातवाबरोबर. सगळं घर हळूहळू फिरली. मागच्या खोलीत म्हणाली, मला जरा एकटीला बसू द्या. आम्ही ओसरीवर थांबलो. अर्ध्या तासाने तिने हाक मारली. भिंतीवर हात ठेवून उभी होती.

"ही वल आमच्या ल्हानपनापास्नं हाय गं. भाईर न्हाणी हुती. वरच्या पागोळ्याचं पानी न्हाणीच्या पाटातनं आडाकडं जायचं. आबा दर वर्षी मिरगाआदी पाट उकरायचे. आबा गेलं, मग कोन उकरतंय?"

ज्या डागावर आळीने चौदा वर्षं गोष्ट रचली होती, तो मृत्यूच्या चाळीस वर्षं आधीपासून तिथे होता. आणि हे सांगू शकणारं एकच माणूस होतं, जिचं नाव कागदावर नव्हतं.

५ ऑगस्ट २०२४
मागे शहाबादी फरशी उचलली. दीड फुटावर दगडी पाट निघाला, सुरेख घडवलेला, नऊ इंच रुंद. भिंतीला लागून सहा फुटांपर्यंत उंबराच्या मुळांनी गच्च भरलेला. अर्ध्या छपराचं पाणी तिथे येऊन तुंबत होतं आणि भिंतीत मुरत होतं. आतून सिमेंटचा गिलावा असल्याने त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ते वर चढत छातीपर्यंत गेलं. मी वरून रंगाचा आणखी एक बंद थर दिला होता.

पाट साफ करायला चार दिवस लागले. मुळं कापली, उंबर ठेवला. दोन फुटलेले दगड बदलले, सांधे चुन्याने भरले, आडापर्यंत उतार तपासला. खर्च ३१ हजार. हे मे महिन्यात केलं असतं तर २२ हजार वाचले असते, आणि पाच महिनेही.

ऑगस्ट ते डिसेंबर २०२४
फक्त भिंतीबद्दल लिहिते, कारण सगळे इथेच चुकतात.

सिमेंट गिलावा भिंतीच्या पूर्ण लांबीत, डागाच्या वर दोन फुटांपर्यंत फोडून काढला. विटांचे सांधे इंचभर खरवडले. मग भिंत उघडी ठेवून वाट पाहिली. पावसात गिलावा करायचा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात विटांवर मिठाची साय आली, ती कोरड्या ब्रशने झाडली. पाण्याने धुवायची नाही, धुतलं की मीठ परत आत जातं.

त्यानंतर चुना-वाळूचा एक पातळ, भुसभुशीत थर, मुद्दाम काढून टाकण्यासाठी. तो महिनाभर मीठ ओढून घेतो. गवंड्यांना हे पटेना, केलेलं काम फोडायचं कशाला. महिन्याने थर हाताने चुरगळून पडला, पांढरा फटक. मग पटलं.

शेवटचा गिलावा कळीच्या चुन्याचा, म्हणजे भाजलेल्या चुनखडीच्या न विरवलेल्या खड्यांचा. पिशवीत मिळणारी चुन्याची भुकटी एकदा वापरून पाहिली, हाताला पीठ लागत होतं, काढून टाकली. कळी आणून हौदात तीन आठवडे भिजवली. एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्यात थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. चुना भिजवायच्या पाण्यात गूळ आणि हिरडा, हे गवंड्यांच्या वडिलांचं माप. दोन थर, प्रत्येकी बोटभरापेक्षा कमी, मधे दहा दिवस. दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं, खिडकीला ओलं पोतं. वर रंग नाही, चुन्याची सफेदी.

कामाचा एकूण खर्च ८ लाख ७० हजार. सोनं तारण ठेवून दहा लाख काढले होते, त्याचं व्याज १ लाख ५ हजार.

१२ जानेवारी २०२५
विक्रीला काढलं. एजंट म्हणाला, घर आता ओळखू येत नाही, जुनं काही बोलू नका. मी एक पानाचा मजकूर लिहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला घर दाखवण्याआधी वाचायला दिला. २००९ मध्ये इथे काय झालं. अक्काचं नाव कसं सुटलं होतं आणि आता खतावर कसं आहे. कुठली तुळई जोडलेली आहे. पाट कुठे आहे आणि मृगाआधी तो साफ केला नाही तर काय होईल.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरातला किंवा मालकीतला लपलेला दोष विकणाऱ्याने सांगावा लागतो. मृत्यूचा उल्लेख त्यात नाही. पण घेणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी शेजारून कळणार, आणि मग जोडलेल्या तुळईबद्दलही त्याचा माझ्यावर विश्वास राहणार नाही.

फेब्रुवारी २०२५
नऊ जण पाहून गेले. चार जण पान वाचून दारातूनच परतले. त्यातल्या एका जोडप्याने ५१ लाख मनात धरले होते, हे नंतर एजंटने सुनावलं. त्याने माझं काम सोडलं. मला त्या जोडप्याचा राग नाही. ज्याला त्या खोलीत झोप लागणार नाही त्याने ते घर घेऊच नये.

घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू होता तेव्हा साताऱ्याहून एक निवृत्त परिचारिका आल्या. पान दोनदा वाचलं. मागच्या खोलीत गेल्या, भिंतीवर तळवा टेकवला. म्हणाल्या, "एकतीस वर्षं वॉर्डात काढली. माणूस गेलेल्या खाटेवर दुसऱ्या दिवशी दुसरा पेशंट असायचा, आणि तो बरा होऊन जायचा. पाट दाखवा मला."

२६ मार्च २०२५
खरेदीखत झालं, ४७ लाख ५० हजार. माझे गेले ४५ लाख. उरले अडीच लाख, दीड वर्षाच्या कामाचे. चोवीस महिन्यांच्या आत विकल्यामुळे नफा अल्पमुदतीचा धरला जातो आणि उत्पन्नात मिळवून कर लागतो, तो वेगळा. अक्काला डावललं असतं तर दोन लाख जास्त उरले असते. पान दिलं नसतं तर कदाचित आणखी साडेतीन. नवऱ्याने हिशेबाची वही बघितली, मिटली आणि विचारलं, पुढचं घर कुठलं?

१४ जुलै २०२५
पाऊस पाच आठवड्यांचा झाला. वाईत काम होतं म्हणून घरी डोकावले. बाईंनी मृगाआधी माणूस लावून पाट उकरून घेतला होता. मागच्या खोलीत त्यांनी पलंग टाकलाय, भिंतीपासून हातभर लांब, मी सांगितलं होतं तसा. भिंतीच्या तळाला चार बोटं दमट, त्याच्यावर कोरडी. आम्ही परसात छत्री धरून उभ्या राहिलो. पाणी पाटातून आडाकडे वाहत होतं.